हमीचा कागद आणि मालकाचा हक्क



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना असे वाटले असेल की, वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात मोटारीच्या हमीपत्रासारख्या रुक्ष गोष्टीस स्थान कशासाठी? राज्ये उदयास येतात आणि लयास जातात त्यांचा इतिहास सांगावा, संतांचा सांगावा, शास्त्रांचा सांगावा. विक्रेत्याने पावतीबरोबर टाचून दिलेल्या कागदाला कसला आला आहे इतिहास? परंतु सामान्य माणसाच्या हक्कांचा इतिहास पुष्कळदा अशाच कागदांच्या पाठीवर बारीक टाइपात छापलेला असतो. तो वाचावयास थोडी चिकाटी लागते इतकेच.

प्रश्न साधा आहे. एका गृहस्थाने मोटार घेतली. काही दिवसांनी त्याने तिला कारखान्याबाहेरचा दिवा बसविला, चाके थोडी रुंद घातली, किंवा तेलाची गाळणी अन्य कंपनीची टाकली. पुढे एके दिवशी गिअरपेटी बिघडली. तो हमीचा कागद घेऊन विक्रेत्याकडे गेला, तेव्हा त्यास उत्तर मिळाले, “तुम्ही गाडीत फेरफार केला आहे, आता आमची हमी संपली.” हे उत्तर न्याय्य आहे काय? दिव्याचा आणि गिअरपेटीचा संबंध कोणी दाखवावयाचा? मालकाने की कारखानदाराने? या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता कायद्याला तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. ती वाटचाल मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेत झाली, म्हणून आपणांस प्रथम तिकडे जावे लागेल. आपल्या देशाकडे आपण शेवटी येऊ.

प्रारंभ १६०३ सालच्या एका खटल्यापासून करू. लंडनच्या एका सोनाराने एका गिऱ्हाइकास शंभर पौंडांना एक खडा विकला. हा खडा म्हणजे विषावर उतारा असलेला जहरमोहरा आहे, असे त्याने सांगितले होते. खडा तसा निघाला नाही. गिऱ्हाईक न्यायालयात गेले. न्यायालयाने निर्णय दिला तो असा की, सोनाराने ‘हा जहरमोहरा आहे’ असे नुसते म्हटले. ‘याची मी हमी देतो’ असे काही तो म्हणाला नाही, आणि खडा खोटा असल्याचे त्यास ठाऊक होते असाही आरोप नाही. सबब दावा टिकत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, फसला तर तो त्याचा दोष, हे तत्त्व त्या काळी बाजाराचे व्याकरणच होते. घोडा, धान्य, कापड हे ज्याला पाहून, हाताळून, दात मोजून घेता येते, त्या मालाच्या बाबतीत हे तत्त्व निभावून गेले. पण जो माल उघडून पाहताच येत नाही, ज्याच्या पोटात काय आहे हे फक्त करणारास ठाऊक, असा माल बाजारात आला तेव्हा हे व्याकरण अपुरे पडू लागले.

दुसरा खटला १८४२ मधील आहे. इंग्लंडमध्ये टपाल वाहून नेणाऱ्या घोडागाड्या पुरविण्याचा आणि त्या दुरुस्त ठेवण्याचा मक्ता एका इसमाने टपालखात्याकडून घेतला होता. अशीच एक गाडी वाटेत मोडली आणि तिचा चालक जन्माचा लंगडा झाला. त्याने मक्तेदारावर दावा लावला. न्यायाधीशांनी विचारले, “तुझा आणि मक्तेदाराचा करार झाला होता काय?” करार झाला होता तो टपालखात्याशी. चालकाचा दावा फेटाळला गेला. अशांना दाद दिली तर रस्त्यावरून जाणारा-येणारा कोणीही दावा लावील, आणि त्याला अंत राहणार नाही, ही न्यायाधीशांची भीती होती. ज्याचा करार त्याचाच हक्क, या भिंतीआड पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे कारखानदार सुरक्षित राहिले. मोटार आली तेव्हा ती भिंत उभीच होती. गिऱ्हाईक मोटार घेई ती गावातल्या विक्रेत्याकडून. कारखानदाराशी त्याचा करार नसे. विक्रेता म्हणे, ‘मोटार मी केली नाही’. कारखानदार म्हणे, ‘मोटार मी तुला विकली नाही’.

या भिंतीला पहिले मोठे खिंडार पाडले ते १९१६ साली न्यूयॉर्कच्या श्रेष्ठ न्यायालयातील न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी. ब्यूइक कंपनीच्या एका मोटारीचे लाकडी चाक चालत्या गाडीत मोडले. त्याचे आरे भुगा होऊन पडले आणि मालक फेकला जाऊन जखमी झाला. कंपनीचे म्हणणे असे की, मोटार आम्ही विक्रेत्यास विकली, आणि शिवाय हे चाक आम्ही केलेलेच नाही. ते आम्ही दुसऱ्या कारखान्यातून आणलेले. कार्डोझो यांनी दोन्ही सबबी बाजूस सारल्या. निष्काळजीपणे केल्यास जी वस्तू माणसाच्या जिवावर उठेल, आणि जी विक्रेता नव्हे तर अन्य कोणी वापरणार हे करणारास ठाऊक आहे, ती तपासून देण्याचे कर्तव्य करणाऱ्याचे आहे. मग करार कोणाशीही असो. या निकालाची आणखी एक खूण आपण मनाशी बांधून ठेवावी. ‘अस्सल कंपनीचा भाग’ हा शब्द पुढे फार गाजणार आहे. पण या विसाव्या शतकाच्या उगवतीलाच न्यायालयात कबूल झाले होते की, मोटार म्हणजे अनेक कारखान्यांच्या भागांची जुळणी, आणि चाकावर नाव कोणाचे यावरून चाक चांगले की वाईट हे ठरत नाही.

आता मालकाकडे वळू. मोटारीत फेरफार करण्याची हौस आजची नाही. ती मोटारीच्याच वयाची आहे. फोर्डची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झाली. ती स्वस्त होती, कारण तिच्यात फारसे काही नव्हते. पेट्रोल किती उरले हे पाहावयाचे तर टाकीत काठी बुडवावी लागे. त्यामुळे तिच्याभोवती जोडवस्तूंचा एक प्रचंड व्यापारच उभा राहिला. शेतकऱ्यांनी तिच्या मागच्या चाकावर पट्टा चढवून लाकडे कापली, पाणी उपसले. कोणी तिचा ट्रक केला तर कोणी ट्रॅक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या गाड्यांची इंजिने खोलून त्यांचा वेग वाढविण्याचा छंद घेतला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले, १९५१ मध्ये शर्यतींना शिस्त लावणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि १९६३ मध्ये असे वेगवर्धक भाग करणाऱ्या लहान कारखानदारांनी आपला संघ बांधला. अर्थात, मालकाच्या हातातील पाना हा मोटारीच्या इतिहासाचा एक कर्ता आहे. कारखान्यातून निघालेली मोटार अपुरी असते, ती मालकाच्या गरजेप्रमाणे पुरी होते, ही भावना त्या काळी सर्वसामान्य होती.

याच काळात कारखानदारांच्या ध्यानात आले की, मोटार एकदाच विकली जाते, पण सुटे भाग जन्मभर विकले जातात. आपल्या विक्रेत्यांनी दुसऱ्याचे भाग ठेवू नयेत, बसवू नयेत, अशी कलमे त्यांच्या करारात शिरली. एका सुटे भाग करणाऱ्या कंपनीने जनरल मोटर्सविरुद्ध हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९१४ च्या क्लेटन कायद्याने स्पर्धेची गळचेपी करणाऱ्या अटींना मनाई केली होती. पण १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनरल मोटर्सची अट उचलून धरली. सदोष भागामुळे कारखानदाराच्या नावाला बट्टा लागतो, हा युक्तिवाद त्या वेळी मान्य झाला. त्या युक्तिवादात काही तथ्य नव्हते असे नाही. परंतु भाग खरोखर सदोष आहे की केवळ दुसऱ्याचा आहे, हा भेद तेथे पुसट झाला, आणि पुढच्या सर्व वादाचे मूळ त्या पुसटपणात आहे.

आता तो हमीचा कागद उलगडू. १९५० च्या दशकात अमेरिकेतील मोटार कारखानदार जवळजवळ एकाच मजकुराची हमी देत असत. मुदत नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, जे आधी होईल ते. सदोष भाग मालकाने स्वखर्चाने कारखान्याकडे पाठवावयाचा. तपासणीअंती कारखानदाराचे ‘समाधान’ झाले, तर तो भाग बदलून मिळावयाचा. ही हमी अन्य सर्व व्यक्त आणि गर्भित हमींच्या ‘ऐवजी’ आहे, असे पुढे स्पष्ट लिहिलेले. आणि त्याखाली आपल्या विषयाचे कलम: अधिकृत विक्रेत्याबाहेर गाडीची दुरुस्ती झाली किंवा तिच्यात फेरफार झाला, आणि त्यामुळे तिचे स्थैर्य वा विश्वसनीयता कमी झाली असे ‘कारखानदाराचे मत’ पडले, तर ही हमी लागू नाही. श्रोतेहो, ‘समाधान’ कोणाचे? कारखानदाराचे. ‘मत’ कोणाचे? कारखानदाराचेच. जो वादातील एक पक्ष तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश! हमी हा शब्द वर मोठ्या अक्षरांत होता. पण कायद्याने गिऱ्हाइकास आपोआप मिळणारे जे संरक्षण, ते काढून घेण्यासाठीच तो कागद लिहिला होता. छत्री म्हणून हातात दिलेली वस्तू वास्तविक कुलूप होती.

हे कुलूप मोडले ते न्यू जर्सीत. १९५५ च्या मे महिन्यात हेनिंग्सन नावाच्या गृहस्थाने पत्नीला मातृदिनाची भेट म्हणून प्लायमाउथ मोटार घेतली. प्लायमाउथ हे नाव आपल्या जुन्या मुंबईकरांस अपरिचित नाही; वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने त्याच क्रायस्लर कंपनीशी करार करून या गाड्या कुर्ल्याला जुळविल्या होत्या. तर ही मोटार घेऊन बारा दिवस होतात न होतात तो, केवळ ४६८ मैल झाले असता, बाई चालवीत असताना पुढच्या भागातून कडकन आवाज आला, चक्र हातात गरकन फिरले आणि गाडी भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चेपला की सुकाणूची यंत्रणा तपासून नेमका दोष दाखविणे अशक्य झाले. कंपनीने कागदाच्या पाठीवरील बारीक टाइपावर बोट ठेवले. ९ मे १९६० रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, असा कागद गिऱ्हाइकास बांधू शकत नाही. कारण त्याने तो कागद घासाघीस करून स्वीकारलेला नाही. तो घ्यावा किंवा मोटारीवाचून राहावे एवढाच त्यास पर्याय होता. १९५८ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांच्या हाती देशातील प्रवासी मोटारींचे ९३.५ टक्के उत्पादन होते आणि तिघींचा मजकूर एकच होता. मग निवड कसली? मोटार चालविण्यास योग्य असावी ही गर्भित हमी कायद्याने दिलेली आहे; ती बारीक टाइपाने पुसता येणार नाही, आणि ती मालकाच्या पत्नीलाही लागू आहे.

या निकालाने हमीचा अर्थ पालटला. परंतु फेरफाराचे कलम अजून जिवंत होते. १९६० च्या दशकात कंपन्यांत हमीच्या मुदतींची चढाओढ लागली. क्रायस्लरने १९६३ च्या गाड्यांसाठी इंजिन आणि गतिसंक्रमणाच्या भागांना पाच वर्षे किंवा पन्नास हजार मैलांची हमी जाहीर केली. मुदत लांबली तशा अटीही लांबल्या: अमुक वेळी तेल बदला, अमुक वेळी गाळणी बदला, त्याची नोंद ठेवा, दाखला दाखवा. नव्वद दिवसांच्या हमीत जी अट नाममात्र होती ती पाच वर्षांच्या हमीत मालकाच्या मानेभोवतीचा दोर झाली. पाच वर्षे गाडी कोठे दुरुस्त करावयाची आणि तिच्यात कोणाचे भाग घालावयाचे, हे आता हमीचा कागद ठरवू लागला. तक्रारी वाढल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी करून १९७० मध्ये मोटारींच्या हमीविषयी अहवाल दिला.

याची परिणती ४ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने संमत झालेल्या कायद्यात झाली. सिनेटर वॉरन मॅग्नसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस यांच्या नावांनी तो ओळखला जातो. त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, जो लेखी हमी देईल त्याला गर्भित हमी नाकारता येणार नाही; फार तर मर्यादित हमीत तिची मुदत आखता येईल. दुसरी, दावा जिंकणाऱ्या ग्राहकास वकिलाचा खर्च मिळण्याची वाट मोकळी झाली. कारण शंभर रुपयांच्या न्यायासाठी हजार रुपये मोजावे लागत असतील तर हक्क असून नसल्यासारखाच. आणि तिसरी, आपल्या विषयाचा प्राण: अमुक छापाचाच भाग किंवा अमुक नावाच्याच दुकानाची दुरुस्ती वापरली पाहिजे, अशी अट हमीस जोडता येणार नाही, तो भाग फुकट देत असाल तर गोष्ट वेगळी, किंवा कमिशनने खास सूट दिली तर. १९७७ मध्ये कमिशनने या कलमाचे विवरण केले. परक्या भागामुळे झालेली हानी हमीतून वगळण्यास कारखानदार मोकळा आहे. पण हानी त्या भागामुळेच झाली हे त्याने दाखवून दिले पाहिजे.

‘त्याने दाखवून दिले पाहिजे’, या शब्दांसाठीच ही सारी वाट आपण चाललो. आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणून एक न्याय सांगतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे होत नाही. फांदी आतून किडलेली असू शकते. जुने हमीपत्र काय म्हणत होते? ‘झाडावर कावळा दिसला, आता फांदीबद्दल आम्हांस विचारू नका.’ १९७५ चा कायदा म्हणाला, ‘कावळा दिसला हे पुरे नाही, फांदी त्याच्यामुळे तुटली हे सिद्ध करा.’ आणि हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याजवळ नकाशे आहेत, चाचण्यांच्या नोंदी आहेत, तज्ज्ञ आहेत, त्याच्यावर घातला. ज्ञान जेथे तेथे सिद्धतेचा भार, हे तत्त्व न्यायाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

परंतु येथे एका गैरसमजापासून सावध राहावयास हवे. या कायद्याने मालकास वाटेल तो फेरफार करण्याचा परवाना दिला असे मानणारे अमेरिकेतही पुष्कळ आहेत. तसे नाही. दुसऱ्या कंपनीची पण योग्य मापाची गाळणी घालणे वेगळे आणि इंजिनाकडून त्याच्या ताकदीबाहेरचे काम करून घेणे वेगळे. ज्याने अवाढव्य चाके घातली आणि चाकांच्या बेअरिंगा गेल्या, किंवा ज्याने इंधनाचे प्रमाण बदलून इंजिनाची शक्ती वाढविली आणि दट्ट्या वितळला, त्याच्या बाबतीत कार्यकारणाचा संबंध दाखविणे कारखानदारास कठीण नाही. मात्र त्या रुंद चाकांच्या गाडीची काच वर-खाली करणारी मोटर बिघडली तर तेवढ्यासाठी हमी नाकारण्यास आधार नाही. हमी संपूर्ण ‘रद्द’ होत नसते. ती प्रत्येक बिघाडापुरती, त्या त्या कारणापुरती तपासावयाची असते.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. आतापर्यंत आपण मालक आणि कारखानदार या दोघांचाच विचार केला. पण मोटार रस्त्यावर चालते आणि रस्ता सर्वांचा आहे. अमेरिकेने १९६६ मध्ये मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला. १९७० च्या शुद्ध हवेच्या कायद्याने धुरावर नियंत्रण ठेवणारी साधने काढून टाकण्यास मनाई केली. ती मनाई प्रथम कारखानदार आणि विक्रेते यांच्यापुरती होती. १९७७ मध्ये ती दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यांस लागू झाली आणि १९९० मध्ये प्रत्येक व्यक्तीस. येथे ‘तुमच्या फेरफाराने कोणाचे नुकसान झाले ते दाखवा’ असे मालकास म्हणता येत नाही. धुराने कोणाचे फुप्फुस बिघडले हे शोधत बसणे शक्य नसते, म्हणून कायदा आधीच अटकाव करतो. याचा अर्थ असा की, मोटारीच्या मालकाला दोन नाती आहेत. कारखानदाराशी असलेल्या नात्यात प्रश्न कारणाचा आहे. समाजाशी असलेल्या नात्यात प्रश्न परवानगीचा आहे. या दोहोंची गल्लत झाली की अन्याय होतो. कारखानदार समाजाच्या सुरक्षिततेचे नाव पुढे करून आपले सुटे भाग खपवितो, आणि मालक आपल्या मालकी हक्काचे नाव पुढे करून शेजाऱ्याच्या नाकात धूर सोडतो.

कायदा झाला म्हणजे वर्तन सुधारले असेही नाही. १९७५ नंतर चाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ‘मिनी’ शाखेने हमीस आपल्याच भागांची आणि विक्रेत्यांची अट जोडल्याबद्दल कमिशनला कारवाई करावी लागली. २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकलच्या कंपनीवर तशीच वेळ आली. परके भाग वापरल्याने किंवा बाहेर दुरुस्ती केल्याने हमी रद्द होणार नाही, असे आपल्या हमीपत्रात लिहिण्याचा हुकूम तिला झाला. दरम्यान मोटारीच्या पोटात संगणक शिरला आणि फेरफार पान्याने नव्हे तर आज्ञावलीने होऊ लागला. ती आज्ञावली कारखानदाराच्या लेखाधिकारात. मग स्वतःच्या गाडीतील आज्ञावली उघडणे हीच चोरी ठरू लागली. २०१५ मध्ये अमेरिकेत दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर फेरफारासाठी या बंदीतून मालकांस सवलत मिळाली. जुनाच वाद नव्या वेषात आला आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपला माल विक्री कायदा १९३० चा. त्याच्या १६ व्या कलमात माल उपयोगास योग्य असण्याची गर्भित अट आहे. पण ६२ व्या कलमाने उभयतांच्या स्पष्ट कराराने ती बाजूला सारण्याची मोकळीकही ठेवली आहे. म्हणजे बारीक टाइपाला दार उघडेच राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या अनेक वर्षांत मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. ज्याला मोटार मिळणे हाच नवस फळल्याचा आनंद, तो हमीची कलमे कशाला वाचील? गाडी जगवीत असे तो नाक्यावरचा मिस्त्री, आणि तिच्यात फेरफार हा अपवाद नसून नियमच होता. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रथमच सामान्य गिऱ्हाइकास स्वतंत्र न्यायासन मिळाले.

आपल्या विषयात खरी कलाटणी मिळाली ती २५ ऑगस्ट २०१४ रोजी. त्या दिवशी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांस न दिल्याबद्दल दोषी धरले आणि सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर बराच खल झाला. पण त्या आदेशातील एक तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वतंत्र कारागिराकडे दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द होईल अशी अट कंपन्यांनी घालू नये. सदोष दुरुस्तीमुळे जेवढी हानी झाली असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. अमेरिकेने १९७७ मध्ये जे म्हटले, त्याच्याशी मिळते-जुळते तत्त्व येथे आले.

समाजाशी असलेल्या नात्याचा कायदा मात्र आपल्याकडे अधिक कडक होत गेला. वाहनातील फेरफार नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही होते. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम २००० साली बदलले आणि नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई झाली. निराळ्या इंधनाच्या संचासारखे काही अपवाद ठेवले. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. आणि अपंग व्यक्तीसाठी अनुकूल केलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्याही आली. ही दुसरी गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ज्याचे पाय चालत नाहीत त्याने हातांनी ब्रेक लावण्याची सोय करून घेतली, तर त्याला हौशी वेगवेड्यांच्या पंक्तीस बसविणे हा अन्याय झाला असता.

परंतु आपल्या कायद्यात एक विसंगती राहिली आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे झालेल्या इजेबद्दल भरपाईचे प्रकरण आहे. त्यातील ८६ वे कलम म्हणते की, विक्रेत्याने मालात फेरफार केला आणि तो फेरफार इजेचे भरीव कारण ठरला, तर विक्रेता जबाबदार. येथे कारण विचारले आहे. पण लगेच पुढचे ८७ वे कलम म्हणते की, इजेच्या वेळी मालाचा दुरुपयोग झालेला असेल, किंवा त्यात फेरफार वा बदल झालेला असेल, तर विक्रेत्यावर दावा लावता येणार नाही. येथे मात्र कारण विचारलेले नाही! विक्रेत्याच्या फेरफारास कार्यकारणाची कसोटी आणि गिऱ्हाइकाच्या मालातील फेरफारास नुसत्या अस्तित्वाची कसोटी, ही दोन मापे झाली. कलमाची अक्षरे तशीच धरली, तर ब्रेक निकामी होऊन जखमी झालेल्या माणसास ‘तुझ्या गाडीला बाहेरचा भोंगा होता’ असे सांगून विक्रेता मोकळा होऊ पाहील. सोळाशे तीनच्या सोनाराने ‘मी हमी दिली नव्हती’ म्हणून सुटावे आणि एकविसाव्या शतकाच्या विक्रेत्याने ‘भोंगा बाहेरचा होता’ म्हणून सुटावे, यात मला फारसे अंतर दिसत नाही. हे कलम रद्द व्हावे असे मी म्हणत नाही. त्यात ‘त्या फेरफारामुळे इजा झाली असल्यास’ एवढे शब्द पडावेत, म्हणजे काम होईल.

तोपर्यंत मालकाने काय करावे? फेरफार करण्यापूर्वी तो नोंदणीच्या तपशिलास बाधक आहे काय हे पाहावे; असल्यास परवानगीवाचून करू नये. विमा उतरविणाऱ्यापासून तो लपवू नये, कारण लपविलेली गोष्ट पुढे भरपाईच्या आड येते. कामाची पावती, भागाचे नाव, तारीख आणि किलोमीटरचा आकडा जपून ठेवावा. आणि हमी नाकारली गेली, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कोणता भाग, कोणत्या फेरफारामुळे, कसा बिघडला, हे लेखी मागावे. ज्याला खरोखर कारण ठाऊक आहे तो ते लिहून देतो. ज्याला केवळ कावळा दिसला आहे, त्याची लेखणी येथे अडते.

न्याय म्हणजे मोठ्या सभागृहांतून उच्चारले जाणारे मोठे शब्द असे आपण समजतो. परंतु चाकाचे मोडलेले आरे, बारा दिवसांच्या गाडीतील एक कडकन झालेला आवाज, तेलाची एक स्वस्त गाळणी, अशा क्षुद्र वस्तूंवरूनच न्यायाने एक मोठी गोष्ट शिकून घेतली: बलवानाचे मत हे कारण नव्हे, कारण दाखवावे लागते. वस्तू विकत घेतल्यावर ती खरोखर आपली होते की नाही, याचे उत्तर या एका वाक्यावर अवलंबून आहे. ते वाक्य आपल्या कायद्याच्या प्रत्येक कलमात उतरेपर्यंत, निदान प्रत्येक मालकाच्या तोंडी असावे, एवढी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतो.